वरचा गट, खालचा गट

माझ्या यजमानांचा उल्लेख मी कायम 'हे' असाच केला. समोर 'अहो' आणि माघारी 'हे', एवढ्यावर आमचा संसार झाला. यांना जाऊन आता वर्ष होत आलं, तरी लिहिताना दुसरा शब्द सुचत नाही. तेव्हा इथेही 'हे'च.

भेटायला येणारी माणसं यांच्या शिकवण्याविषयी बोलतात. महाडच्या शाळेत हे भूगोल शिकवायचे, आणि चांगला शिकवायचे, हे खरंच आहे. पण मी एकटी असले की मला वेगळेच हे आठवतात. सतरंजीवर मांडी घालून बसलेले, पुढ्यातला चहा गार होत चाललेला, आणि माझ्या धाकट्या भावाशी कबड्डीवरून वाद घालण्यात रंगून गेलेले. आठवलं की मला हसू येतं. दुःखात असलेल्या बाईने हसावं की नाही, हे मी कोणाला विचारलेलं नाही. रोज थोडं थोडं लिहिते आहे. एखाद्या दिवशी चार ओळी होतात, एखाद्या दिवशी त्याही नाहीत.

हे मूळचे कापड्याचे. कापडे पोलादपूर तालुक्यातलं, डोंगरांच्या मध्ये भातशेती करणारं गाव. मी महाडची. लग्नानंतर आम्ही महाडातच भाड्याचं घर घेतलं, कारण यांची शाळा इथे आणि मीही इथल्याच वाचनालयात कामाला. म्हणजे गाव पोलादपूरकडे आणि रोजचं उठणं-बसणं सासुरवाडीत. माझा भाऊ याची आठवण करून द्यायची एकही संधी सोडत नसे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट असेल. भात कापून, झोडून झालं की आमच्याकडे शेतं मोकळी होतात. मग एखाद्या खाचरातली धसकटं काढून, माती चोपून, शेणाने सारवून मैदान करतात आणि उन्हाळ्यापर्यंत गावोगाव कबड्डीचे सामने चालतात. पूर्वी कोणीही कोणाशीही खेळायचं. त्या वर्षी दोन्ही तालुक्यांतल्या जाणत्या मंडळींनी नवी पद्धत काढली. गावांचे दोन गट केले. पोलादपूरकडच्या गावांचा तो वरचा गट आणि महाडकडच्या गावांचा तो खालचा गट. प्रत्येक संघाने फक्त आपल्या गटातल्या संघांशी खेळायचं. आणि शेवटी दोन्ही गट मिळून एकच संघ जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवायचा. तो कोणता, हे तिघांच्या समितीने ठरवायचं. दोन्ही गटांतल्या पहिल्यांचा आपसात सामना लावावा हे तेव्हा कोणालाच सुचलं नाही. आपलाच संघ निर्विवाद ठरणार याची दोन्हीकडे इतकी खात्री होती.

वर आणि खाली हे शब्द आमच्याकडे नदीवरून आले आहेत. सावित्री पोलादपूरकडून येते आणि महाडवरून पुढे खाडीला जाते, म्हणून पोलादपूर वर, महाड खाली. नकाशात मात्र पोलादपूर महाडच्या खाली येतं. यांच्या वर्गात नकाशा टांगला की दर वर्षी कोणीतरी विचारायचंच, "सर, मग आपण पोलादपूरला वर जातो का म्हणतो?" त्या प्रश्नाने हे फार खूश व्हायचे. एका फटक्यात उंची, उतार आणि दिशा असं सगळं शिकवून व्हायचं.

हंगाम संपला तेव्हा वरच्या गटात कापडे पहिलं आलं होतं, एकही सामना न हरता. खालच्या गटात महाड शहराचा संघ पहिला, पण त्याला नाते गावाच्या संघाने एकदा हरवलेलं. आता एकदाही न हरलेला संघ मोठा, की कडक गटात खेळून एकदाच हरलेला? त्या महिन्यात महाडात दुसरा विषय नव्हता. वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला येणारी माणसं वर्तमानपत्र उलटं धरून हेच बोलत बसायची आणि मला पुन्हा पुन्हा शांततेची पाटी दाखवावी लागायची.

आमच्या घरात तर दोन्ही पक्ष हजर होते. भाऊ महाडच्या संघाचा व्यवस्थापक होता. व्यवस्थापक म्हणजे लिंबं, पाणी आणि गुडघ्याला लावायचं मलम सांभाळणारा. पण रुबाब मोठा. आणि कापड्याच्या संघाचा कर्णधार होता यांचा चुलतभाऊ, माझा दीर. त्या घरातली बाकीची भावंडं मुंबईला गेली, हा म्हशी आणि शेत सांभाळत मागे राहिला. पस्तिशीला टेकला होता. हंगाम संपल्यावर एकदा तो बाजाराला म्हणून खाली आला आणि आमच्या पडवीत बसून गुडघा चोळत मला म्हणाला, "वयनी, औंदा शेवटचं. गुडगा आता बोलाया लागलाय. जिल्ह्याला एकदा खेळलो असतो म्हंजे झालं असतं."

एवढंच बोलला. पण तो स्वतःसाठी काही मागणाऱ्यातला नव्हता, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं. यांच्याही.

भाऊ दर रविवारी सकाळी यायचा, पोहे खायचा आणि सुरुवात करायचा.

"भावोजी, कापड्याने हरवलं कोणाला ते तरी सांगा. एका गावात सातवा गडी मिळेना म्हणून पोस्टमनला उभा केला होता."

"पोस्टमन चांगली पकड करतो," हे म्हणायचे.

"सायकल बाजूला ठेवून आला होता तो. सामना संपल्यावर उरलेली पत्रं वाटली त्याने."

"मग दमसास बघ केवढा आहे त्याचा."

"तुमच्या वरच्या गावांत उरलंय कोण? सगळी तरणी पोरं मुंबईला. कापड्याचे संघच दोन आहेत, एक शिमग्याचा आणि एक बाकीच्या वर्षाचा. शिमग्याला मुंबईकर आले की कापडे भारी, हे मलाही मान्य आहे."

"आणि तुमचा उजव्या कोपऱ्यातला गडी कुठे असतो वर्षभर? दुबईला. तो सुट्टीवर आला की तुम्ही भारी. आणि नात्याकडून हरलात ते?"

"नात्यानेच घात केला, काय करणार. पण नाते आमच्या गटातलं आहे, भावोजी. म्हणजे आमचा गट इतका कडक की पहिला आलेलाही त्यात एकदा पडतो. तुमच्या गटात पडायचं म्हटलं तरी पाडणारा कोणी नाही."

यावर यांचं उत्तर ठरलेलं होतं. "जो पडलाच नाही, त्याला तू पाडून दाखव आधी."

आणि भावाचंही ठरलेलं. "त्याला आमच्यात खेळवून दाखवा आधी."

मी स्वयंपाकघरातून ऐकत असे. दोघांचंही म्हणणं मला पटायचं, आणि हीच माझी अडचण होती. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला दोन्ही बाजू पटायची वाईट खोड लागते.

वाद पोह्यांवर भागला असता, पण त्या तिघांच्या समितीत हेही होते. दुसरे होते महाडचे एक मालट्रकवाले शेठ, मुसलमान गृहस्थ, तरुणपणी स्वतः चांगले चढाईपटू होते. तिसरे पोलादपूरचे एक म्हातारे पंच, ज्यांची शिट्टी दोन्ही तालुक्यांत ओळखली जायची. समिती आमच्या पडवीत बसली. माझा चहा चांगला म्हणून नव्हे, तर आमचं घर दोघांनाही सारखंच लांब पडत होतं म्हणून. पंच पोलादपूरहून एसटीने यायचे आणि शेठ महाडातलेच, पण त्यांना तेवढंही चालून यायची सवय नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

शेठ म्हणाले, "मास्तर, माझा धंदा घाटाचा आहे. रिकामी गाडी घाट कोणीही चढवतो. भरलेली चढवली तर ड्रायव्हर. कापड्याची गाडी रिकामी चढली आहे. महाडची भरलेली होती, एकदा बंद पडली, पण चढली."

पंचांनी सावकाश सुपारी कातरली. "शेठ, आमी घाटातच राहतो. आमची गाडी सपाटीवर किती पळते ते तुमी कधी बघितलंच नाय."

"बघायला ती खाली यायला पाहिजे."

"बोलावल्याशिवाय कशी येईल?"

दोघांची मतं झाली, एक इकडे, एक तिकडे. मग दोघेही यांच्याकडे बघायला लागले. यांचं मत पडेल तो संघ जाणार होता.

मला पडदा सरकवून यांचा चेहरा बघायचा मोह झाला, पण गरज नव्हती. मला माहीत होतं. कापड्याला मत दिलं असतं तर सगळं महाड म्हणालं असतं की मास्तरांनी भावकी बघितली. महाडला दिलं असतं तर गावात म्हणाले असते की बायकोच्या माहेराला घाबरला. आणि या दोन्हींपेक्षा मोठी गोष्ट ही, की यांना खरोखर कळत नव्हतं कोण वरचढ आहे. न कळता मत द्यायचं हे यांना जमायचं नाही. शेवटी हे म्हणाले, "मी जिल्ह्याला फोन करतो आणि अजून थोडे दिवस मागून घेतो."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर हे एसटी डेपोसमोरच्या फोनच्या दुकानात गेले. मी वाचनालय बंद करून येत होते, तर काचेच्या खोपटात हे उभे दिसले, फोन कानाला घट्ट धरून. बाहेर आले ते जरा गोंधळलेले.

"दिले दिवस?" मी विचारलं.

"मी विचारायच्या आधी तिथल्या माणसानेच विचारलं. म्हणाला, वरच्या गटाचा विजेता कोण? मी म्हटलं, कापडे. म्हटलं आता खालच्याचा विचारेल. तर बरं म्हणाला आणि फोन ठेवला. घाईत होता."

"परत लावायचा होता."

"लावला. एंगेज येतोय."

तेव्हा आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. हे म्हणाले, पत्र टाकतो, आणि टाकलंही.

पत्र पोहोचायच्या आधी वर्तमानपत्र आलं. भाऊ रविवारची वाट न बघता आला. पोहे नको म्हणाला, त्यावरूनच मी ओळखलं. त्याने वर्तमानपत्राची घडी यांच्या पुढ्यात ठेवली. जिल्ह्याच्या स्पर्धेत कोणकोण खेळणार त्याची छोटी बातमी होती, आणि आमच्या दोन तालुक्यांच्या वतीने नाव होतं कापड्याचं.

"भावोजी, समितीचं ठरलं कधी?"

यांनी बातमी वाचली, पुन्हा वाचली. "ठरलेलं नाही."

"मग हे काय आहे? तुम्हीच फोन केला होतात ना?"

यांनी तो फोन शब्दन् शब्द सांगितला. भाऊ ऐकत गेला तसा त्याचा चेहरा बदलत गेला. तो मध्येच म्हणाला, "थांबा. त्याने वरचा गट असं विचारलं? आणि तुम्ही कापडे म्हणालात?"

"मग काय म्हणू? वरच्यात कापडेच पहिलं आलं."

"अहो भावोजी, जिल्ह्याच्या त्या समुद्राकडच्या लोकांना कुठलं वर आणि कुठलं खाली? त्यांच्याकडे वरचा गट म्हणजे तगड्या संघांचा गट. खालचा म्हणजे नवशिक्यांचा. त्याने विचारलं, तुमच्या तगड्या गटात पहिला कोण. आणि तुम्ही त्याला नदी सांगितलीत."

हे उठून उभे राहिले, पुन्हा बसले. आयुष्यभर मुलांना वर आणि खाली यांतला फरक शिकवलेला माणूस त्याच शब्दात अडकला होता. मला हसू आवरेना. भावाकडे बघितलं तर तोही ओठ दाबत होता. फक्त हे हसत नव्हते. म्हणाले, "हे दुरुस्त करायला पाहिजे."

पुन्हा फोन केला. या वेळी मीही सोबत गेले. पलीकडचा माणूस इतका मोठ्याने बोलत होता की मला बाहेर ऐकू येत होतं. "अहो मास्तर, वरचा म्हणजे वरचाच ना? डोंगरावरचा? असं कोण म्हणतं?" मग बराच वेळ हसण्याचा आवाज. शेवटी तो म्हणाला, छापून झालं आहे, पण तुमच्या तुमच्यात ठरलं तर स्पर्धेआधी नाव बदलून देतो. तुम्ही भांडणं मात्र इकडे आणू नका.

आता कापड्याला सांगायचं कोणी? बातमी तोवर वर पोहोचली होती. गावात देवाला नारळ फुटला होता, मुंबईला फोन गेले होते. हे दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी दीर स्वतःच सकाळच्या एसटीने खाली आला, पिशवीत खरवसाचा डबा घेऊन. नवा सदरा घातला होता. यांनी त्याला बसवलं आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. फोन, वर, खाली, सगळं.

तो ऐकत राहिला. खरवसाचा डबा त्याच्या मांडीवरच होता, तो माझ्याकडे द्यायचंही त्याला सुचलं नाही.

"म्हंजे आमी जिंकलो म्हणून नाय," तो म्हणाला. "वर राहतो म्हणून."

"तसंच काहीसं," हे म्हणाले.

"आनि तू काय बोलतोस, दादा? आमी जावं का नाय जावं?"

"मला कळत नाही रे. खरंच कळत नाही. तुम्ही बरे की महाड बरं, हे मी कितीही विचार केला तरी मला कळत नाही."

दिराने डबा खाली ठेवला. "मग विचार कशाला करतोस? सामना लाव ना. त्यांच्याच मैदानात लाव."

"आणि हरलास तर?"

"हरलो तर घरी जातो. म्हशी हायत की."

हे इतकं सोपं होतं की यांना ते सुचलं नव्हतं, शेठना नाही, पंचांना नाही, मलाही नाही. भावाला निरोप गेला. तो आला तो अट घेऊनच. "सामना चालेल. पण शिमगा तोंडावर आहे. मुंबईकर नकोत."

"नकोत," दीर म्हणाला. "तुमचा दुबईवाला पन नको."

"तो सुट्टीवर आलाय, बिचारा."

"मग बायको-पोरांत राहू दे ना बिचाऱ्याला."

भाऊ हसला आणि तिथेच ठरलं. पंच मात्र नात्याचा ठेवला. नात्याच्या लोकांना महाडचाही राग आणि वरच्या गटाचाही, त्यामुळे त्याच्याइतका निष्पक्ष माणूस मिळणं शक्य नव्हतं.

सामना नदीकाठच्या मैदानात झाला, दुपार उतरल्यावर. कापड्याहून टेम्पो भरून माणसं आली होती, बायकाही. महाडचे लोक दुकानं अर्धी बंद करून आले. मी बायकांच्या बाजूला उभी राहिले. माझ्या एका अंगाला माहेरची आळी आणि दुसऱ्या अंगाला सासरची भावकी. दोन्हीकडून मला ढोसत होत्या, "बघ बघ, तुमचे पडले," आणि 'तुमचे' म्हणजे कोण हे दर वेळी बदलत होतं.

कबड्डी मला तेव्हाही फारशी कळत नव्हती. एवढं कळलं की पहिल्या अर्ध्यात महाडने कापड्याला धुऊन काढलं. त्यांची पोरं हलकी होती, पाय जमिनीला लागतो न लागतो तो परत जायची. भाऊ यांच्याकडे बघून भुवया उडवत होता. यांचं लक्ष नव्हतं. हे खाली बघून मातीत काडीने रेघा ओढत होते.

दुसऱ्या अर्ध्यात कापड्याने चढाया सावकाश घ्यायला सुरुवात केली. घाई नाही, गोंधळ नाही. एकेक गडी जायचा, एखादा गुण आणायचा, नाहीतर नुसता परत यायचा. महाडची पोरं कंटाळली आणि कंटाळून पुढे यायला लागली. तिथे ती सापडली. शेठ माझ्यापासून थोड्या अंतरावर उभे होते. ते शेजारच्या पोलादपूरच्या पंचांना म्हणाले, "सपाटीवरही चालते की हो तुमची गाडी." पंचांनी सुपारीचं खांड शेठच्या हातावर ठेवलं.

अखेरीस कापडे एका गुणाने पुढे होतं आणि शेवटची चढाई महाडची होती. त्यांचा सगळ्यात चपळ गडी आला. तो दिराच्याच अंगावर गेला, कारण दीर लंगडत होता हे सगळ्यांना दिसत होतं. पायाने त्याला शिवला आणि वळला. दीर उभा राहून पकड करूच शकला नसता. तो सरळ आडवा झाला आणि दोन्ही हातांनी त्याचा घोटा धरला. रेडकू दावं तोडून पळतं तेव्हा तो असाच धरतो, हे मी कापड्याला पाहिलं होतं. तो पोरगा त्याला मातीतून मध्यरेषेपर्यंत ओढत घेऊन गेला. रेषेला वीतभर अंतर राहिलं, पोराचा दम सुटला आणि नात्याच्या पंचाची शिट्टी वाजली.

कापड्याच्या बायकांनी माझ्या पाठीत इतके गुद्दे घातले की दोन दिवस दुखत होती. माहेरच्या बाजूने एक म्हातारी काकू म्हणाली, "जाऊ दे ग, जावई आपलाच आहे." भाऊ यांच्याकडे आला. त्याचे डोळे जरा लाल झाले होते. म्हणाला, "भावोजी, जागा त्यांची. माझं काही म्हणणं नाही." आणि चार पावलं जाऊन परत वळला. "पण एका सामन्यावरून गट ठरत नाही हां."

"नाहीच ठरत," हे म्हणाले. यांच्या आवाजात असा आनंद मी लग्नाच्या दिवशीही ऐकला नव्हता.

जिल्ह्याची स्पर्धा समुद्राकडच्या एका गावात होती. कापड्याच्या टेम्पोत आम्ही दोघंही गेलो. आणि भाऊही आला. "मला त्यांना हरताना बघायचंय," असं त्याने डेपोवर चारचौघांत जाहीर केलं होतं. लिंबांची पिशवी आणि मलम मात्र त्याने न सांगता बरोबर घेतलं होतं.

तिथे मोठं मैदान, मांडव, कर्णे, विजेचे दिवे. दीर मैदानाच्या कडेला उभा राहून सगळं बघत होता, देवळात आल्यासारखा. मग कर्ण्यातून आवाज आला, "आता मैदानात येत आहे, कपडे संघ."

लोक हसले. कोणीतरी ओरडलं, "इस्त्री केलेत का?" आमची पोरं मान खाली घालून मैदानात शिरली. दिराचा चेहरा उतरला. त्याने हरण्याची तयारी ठेवली होती, या गोष्टीची ठेवली नव्हती.

माझा भाऊ उठला. महाडच्या संघाचा व्यवस्थापक, खालच्या गटाचा कैवारी. तोंडाभोवती हात धरून पूर्ण ताकदीने ओरडला, "कापडे. क ला काना आहे."

कर्णेवाल्याला ऐकू गेलं नसावं. पुढच्या गुणालाही तो कपडेच म्हणाला. भाऊ पुन्हा ओरडला. मग प्रत्येक वेळी हेच. तो कपडे म्हणायचा आणि भाऊ कापडे ओरडायचा. थोड्या वेळाने टेम्पोतून आलेले सगळे ओरडायला लागले, मग आजूबाजूचे परके लोकही गंमत म्हणून त्यात सामील झाले. हेही ओरडले. मी यांना ओरडताना तेव्हाच एकदा पाहिलं. शाळेत यांनी आवाज चढवला नाही, घरी नाही, आणि तिथे परक्या गावात एका कान्यासाठी यांची मानेची शीर फुगली होती. मीही ओरडले असेन. माझं मला आठवत नाही.

सामना आम्ही हरलो. चांगलेच हरलो. समोरचे गडी उंच, तयारीचे, रोज गादीवर सराव करणारे. पण शेवटाकडे त्यांचा एक नावाजलेला चढाईपटू आत आला आणि दिराने आडवं होऊन त्याचा घोटा धरला. तो सुटला नाही. कर्ण्यातून आवाज आला, "कापडे संघाच्या कर्णधाराची अप्रतिम पकड." काना जागेवर होता. मैदानभर टाळ्या पडल्या. दीर उठला, हाताची माती मांडीला पुसली आणि लंगडत आपल्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

परतीच्या टेम्पोत तो माझ्यासमोर पाय लांब करून बसला होता. भाऊ त्याच्या गुडघ्याला मलम चोळत होता. दीर म्हणाला, "वयनी, ऐकलंत ना? शेवटाला बरोबर बोलला तो."

"ऐकलं," मी म्हटलं. "सगळ्यांनी ऐकलं."

भावाला यावर काहीतरी म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं, पण घसा पार बसला होता, नुसती हवा बाहेर आली. त्याने यांचा हात धरून हलवला आणि मोकळा तळहात जमिनीकडे दाखवला. पुन्हा दाखवला. खालचा गट. खालचा गट गेला असता तर जिंकला असता, असं ते म्हणणं होतं. मग मलमाच्या हाताने त्याने आणखीही बरंच काही सांगायचा प्रयत्न केला.

यांनी ते सगळं शांतपणे पाहून घेतलं. "घसा बरा होऊ दे तुझा," हे म्हणाले. "रविवारी ये. आहेच मी."